नाकतोड्याचा कायापालट

(या सदरात जपानविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना मी उत्तरं देते. मी जपानीची निवृत्त दुभाषी. या वेळी निम्मी पत्रं एकाच विषयावर, नाकतोड्याच्या रूपातल्या 'कामेन रायडर' या जपानी सुपरहिरोवर आली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. त्या विषयाला मी स्वतःच गेल्या महिन्यात तोंड फोडलं होतं, तेव्हा तक्रार करायची सोय नाही.)

प्रश्न : माझ्या अकरावीतल्या मुलाने 'बाबा, सुपरहिरोचा पिक्चर आहे, बसा' म्हणून एक जुना जपानी चित्रपट लावला. नायकाची कातडी फुटून आतून हिरवट किडा बाहेर येतो आणि तो एका माणसाचं मुंडकं मणक्यासकट उपटतो. मी तिथेच उठलो. हा कसला सुपरहिरो? आणि तो नाकतोड्यासारखा का दिसतो? — एक वाचक, मिरज

उत्तर : मणका म्हणालात आणि चित्रपट ओळखला. 'शिन कामेन रायडर : जोशो'. 'जोशो' म्हणजे प्रस्तावना. फेब्रुवारी १९९२ मध्ये आला, दिग्दर्शक माकोतो त्सुजी. तुम्ही उठलात यात तुमचं काही चुकलं नाही. मीही पहिल्यांदा त्या प्रसंगाला उशी तोंडावर घेतली होती.

तेव्हा मी हामामात्सुला होते. मोटरसायकलींचं गाव ते, सुझुकी आणि यामाहा दोन्ही तिथल्याच. एका सुट्या भागांच्या कारखान्यात दुभाषीचं काम. दिवसभर 'टॉलरन्स' आणि 'बेअरिंग' यांचे शब्द शोधायचे आणि शनिवारी संध्याकाळी कॅसेटच्या दुकानात जायचं. हा चित्रपट थिएटरसाठी नव्हताच. तोएई कंपनीने १९८९ पासून 'व्ही-सिनेमा' नावाने थेट कॅसेटवर चित्रपट काढायला सुरुवात केली होती, हाही त्याच प्रकारचा. टीव्हीवर मुलांच्या वेळेत जे चालणार नाही ते इथे चालायचं. म्हणून ते रक्त.

कॅसेट बघायला कारखान्यातला एक सहकारी आला होता. १९७१ साली तो पहिलीत होता, म्हणजे अगदी नेमका त्या वयाचा. कारण पहिली 'कामेन रायडर' मालिका ३ एप्रिल १९७१ ला सुरू झाली आणि जपानमधली त्या पिढीची पोरं तिच्यावर वाढली. चित्रपट संपला तेव्हा हा बिचारा किती तरी वेळ टीव्हीच्या निळ्या पडद्याकडे बघत बसला आणि मग लहान पोरासारखा म्हणाला, "बेल्टच नाही!"

त्याचं दुःख समजायला आधी मूळ गोष्ट हवी. ताकेशी होंगो नावाचा हुशार, मोटरसायकल चालवणारा कॉलेजचा तरुण. त्याला 'शॉकर' नावाची गुप्त संघटना पळवून नेते आणि शस्त्रक्रिया करून त्याचा नाकतोडा-माणूस बनवते. मेंदू ताब्यात घेण्याआधीच तो निसटतो आणि त्याच शक्तीने शॉकरशी लढतो. कमरेला पट्टा, पट्ट्यात पंखा. मोटरसायकल सुसाट सोडली की वारा पंख्यात भरतो आणि गडी बदलतो. मग उंच उडी, लाथ, राक्षस फुटतो, पोरं खूश.

१९९२ च्या चित्रपटात यातलं जवळपास काही नाही. नायक शिन काझामात्सुरी मोटरसायकलच्या शर्यतीतला खेळाडू आहे एवढंच साम्य. तो वडिलांच्या संशोधनासाठी स्वतःचं शरीर देतो. असाध्य आजारांवर औषध शोधतोय असं त्याला वाटत असतं, पण पडद्यामागे माणसातून सैनिक घडवायचं चाललेलं असतं आणि त्याच्या अंगात नाकतोड्याची जनुकं घातली जातात. त्याला खुनांची स्वप्नं पडायला लागतात. जाग आली की प्रश्न, हे मीच केलं का? मग अंग बदलतं. पट्टा नाही, आरोळी नाही, लाथ नाही. हाडं सरकतात, कातडी ताणते, जबडा पुढे येतो, आणि हे सगळं त्याला नको असताना होतं. त्याची प्रेयसी गरोदर आहे, पोटातलं बाळ बापाशी मनाने बोलतं. ती मरते. इथे कुणी पोरं खूश होत नाहीत.

आता तुमचा 'हा कसला सुपरहिरो'. 'कामेन' म्हणजे मुखवटा. मुखवटा घालता येतो तसा काढताही येतो, म्हणून मुलांना तो आवडतो. या चित्रपटात मुखवटाच नाही. जे दिसतंय तो चेहरा आहे. माझ्या सहकाऱ्याला पट्टा हवा होता, कारण पट्टा असला की संध्याकाळी तो खुंटीला अडकवून माणूस जेवायला बसू शकतो.

मला बरीच वर्षं वाटायचं की या मंडळींनी मोठ्यांसाठी म्हणून उगाच भडकपणा केला. मग निर्माते शोतारो इशिनोमोरी यांची मूळ चित्रकथा हाती आली. तिथला होंगो संतापला की त्याच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रियेचे व्रण उमटतात आणि ते लपवायला तो मुखवटा चढवतो. म्हणजे मुखवट्याखालचा माणूस पहिल्या दिवसापासून जखमी होता. टीव्हीने व्रण पुसले आणि पट्टा चमकवला. १९९२ वाल्यांनी मुखवटा काढून व्रण दाखवले इतकंच. तरीही चित्रपट उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. मधला भाग रेंगाळतो आणि हेरगिरीचं प्रकरण घुसडल्यासारखं वाटतं. पण अंग बदलण्याचा तो प्रसंग मी अजून विसरलेले नाही.

एक भाषेची गंमत. रायडर बदलताना ओरडतो तो शब्द 'हेन्शिन'. 'हेन' म्हणजे पालटणं, 'शिन' म्हणजे शरीर. शब्दाला शब्द ठेवला तर आपला 'कायापालट', उलटा लिहिलेला. मी आयुष्यभर भाषांतरं केली, इतका बिनचूक जोड क्वचित मिळाला. फक्त आपल्याकडे कायापालट नगरपालिकेचा होतो, त्यांच्याकडे माणसाचा.

आणि मुलाला सांगा, अकरावीला चालेल, धाकटी भावंडं असतील तर दार लावून.

प्रश्न : मी प्राणिशास्त्र शिकवतो. गेल्या अंकात तुम्ही नाकतोड्याची जनुकं माणसात घालण्याच्या चित्रपटाचा उल्लेख केलात. विद्यार्थी विचारतात, हे होऊ शकतं का? मला उत्तर माहीत आहे, पण तुमचं ऐकायचंय. — एक शिक्षक, परतवाडा

उत्तर : परीक्षा घेताय होय! घ्या.

नाही होणार. जनुक म्हणजे प्रथिन बनवायची कृती. ती पेशीत घातली तर फार तर ते प्रथिन बनेल, पाय बनणार नाही. नाकतोड्याचा मागचा लांब पाय अंड्यातच, भ्रूण घडताना, कितीतरी जनुकं ठरावीक क्रमाने चालू-बंद होऊन आकाराला येतो. प्रौढ शर्यतपटूच्या शरीरात तो कारखाना कधीच बंद झालेला असतो. शिवाय कीटक फुप्फुसाने श्वास घेत नाही, अंगावरच्या भोकांतून हवा थेट नळ्यांत जाते. माणसाएवढ्या देहाला ती पुरणार नाही. उडीचंही तेच. नाकतोडा गुडघ्याजवळच्या कडक पण लवचीक भागात आधी ताण साठवतो आणि मग एकदम सोडतो, गुलेलीसारखा. आकार दहापट केला की वजन हजारपट होतं आणि पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मोजलं तर शंभरपटच. उडी तिथेच संपली.

पण १९९२ साली हा विषय हवेत होता हे खरं. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर पहिला मान्यताप्राप्त जनुकोपचार झाला होता. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून त्यांत कमी असलेलं जनुक घातलं आणि पेशी परत दिल्या. त्याच वर्षी मानवी जनुकांचा सगळा आराखडा वाचण्याचा मोठा प्रकल्पही सुरू झाला. हामामात्सुत आमच्या जेवणाच्या टेबलावर 'इदेन्शी' म्हणजे जनुक हा शब्द मला रोजच्या जपानीत पहिल्यांदा तेव्हाच ऐकू आला. त्याआधी तो फक्त शब्दकोशात होता.

मात्र सर, गंमत पुढे आहे आणि ती तुमच्या दारातली आहे. मे २०२० मध्ये टोळधाड अमरावती, नागपूरकडे आली तेव्हा तुमच्या भागात लोकांनी डबे-थाळ्या बडवल्या. (त्या वर्षी थाळ्यांना काही विश्रांती मिळाली नाही.) तो वाळवंटी टोळ. तो एकटा असतो तेव्हा लाजाळू, आसपासच्या रंगात मिसळलेला. तोच दाटीत सापडला, दुसऱ्यांचे धक्के त्याच्या मागच्या पायांना सतत लागायला लागले की छातीतल्या मज्जातंतूंच्या गाठींत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि अवघ्या काही तासांत तो एकलकोंडा कीटक गर्दी शोधायला लागतो. हे २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. रंग पुढच्या काती टाकताना बदलतो. पूर्वी लोकांना या दोन वेगळ्या जाती वाटायच्या. जनुकं तीच, एकही नवीन नाही. म्हणजे चित्रपटवाल्यांनी बिचाऱ्या शिनला सुया टोचल्या ते फुकट. टोळ स्वतः सुईशिवाय 'हेन्शिन' करतो.

जपानीत टोळ आणि नाकतोडा दोघांनाही 'बात्ता'च म्हणतात. त्यातला ऐटबाज 'तोनोसामा-बात्ता', म्हणजे आपल्याकडे 'सरदार नाकतोडा' म्हणू. तोही दाटीत पालटणाऱ्यांतला. १८८० च्या दशकात होक्काइदोत त्याच्या धाडी आल्या, तेव्हा अंडी आणि पिल्लं खणून काढून पुरली गेली. त्या जागांवरचे उंचवटे 'बात्ताझुका' म्हणजे नाकतोड्यांची थडगी म्हणून ओळखले जातात. साप्पोरोच्या तेइने भागात एक आहे. ज्याची थडगी बांधली त्याच किड्याला पुढे मुलांचा नायक केलं, यावर तुमच्या वर्गात एक तास सहज जाईल.

प्रश्न : २०२३ चा 'शिन कामेन रायडर' हा त्याचाच पुढचा भाग का? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : नाही. मराठीत दोन्ही 'शिन' सारखेच दिसतात, दोष तुमचा नाही. १९९२ चा 'शिन' चित्रलिपीत लिहिलेला, अर्थ 'खरा', आणि तेच नायकाचं नावही. २०२३ चा हिदेआकी आन्नो यांचा 'शिन' काताकाना लिपीत, म्हणजे नुसता उच्चार. नवा, खरा, देव, काय हवं ते समजा. त्यात होंगो आहे, शॉकर आहे, पट्टाही आहे. माझा सहकारी सुखावला असेल.

१९९२ च्या प्रस्तावनेपुढे पुस्तक आलंच नाही. पुढच्या वर्षी 'झेडओ' आणि १९९४ ला 'जे' असे रायडरचे दुसरे चित्रपट आले, शिन मात्र प्रेयसीचं प्रेत घेऊन चालत गेला तो गेलाच. टीव्हीवर १९८९ नंतर रायडर थेट जानेवारी २००० मध्ये परतला. इशिनोमोरी त्याआधी, २८ जानेवारी १९९८ ला वारले होते, साठाव्या वर्षी. त्यांच्या नावे एका माणसाने काढलेल्या चित्रकथांच्या सर्वाधिक पानांचा विक्रम आहे, १ लाख २८ हजारांहून जास्त. मला महिन्याला ही चार पानं होत नाहीत, संपादक साक्षी आहेत.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा. मुलाने त्याला परदेशातून रायडरचा बेल्ट आणलाय. दिवसभर हात फिरवून 'हेन्शिन' ओरडतो आणि दिवाणावरून उडी मारतो. पॉवर रेंजर्स परवडले. काय करू? — एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, पॉवर रेंजर्सही याच घरातले. ज्या जपानी मालिकांवरून ते केले त्यांतली पहिली, १९७५ ची 'गोरेंजर', इशिनोमोरींचीच. तेव्हा पोरगा घराण्यातच आहे.

हात फिरवण्याबद्दल मात्र त्याला एक गोष्ट सांगा. सुरुवातीला रायडरला ती पोझ नव्हतीच, तो मोटरसायकलच्या वाऱ्याने बदलायचा. होंगोचं काम करणारे हिरोशी फुजिओका चित्रीकरणात मोटरसायकलवरून पडले, पाय मोडला. म्हणून दुसरा रायडर आणावा लागला, ताकेशी सासाकी. त्यांच्याकडे मोटरसायकलचं लायसन्सच नव्हतं. आता बदलणार कसा? मग उभ्या उभ्या हात फिरवून 'हेन्शिन' म्हणायचं ठरलं, आणि अख्ख्या जपानची पोरं तेच करायला लागली.

म्हणजे नियम असा, की हात फिरवणारा रायडर जमिनीवर उभा असतो. दिवाण हा मोटरसायकलमध्ये मोडतो आणि त्याला लायसन्स लागतं. नातवाला विचारा, आहे का. खाली गादी मात्र अंथरून ठेवा.