दशांशाचे पाकीट आणि पेन्सिलीतली ओळ

"आम्ही गरिबांना देतो, तेवढे पुरेसे आहे का?" हा प्रश्न मी इंदूरमधील ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार ऐकते. म्हणून ओळख पटू नये इतके तपशील बदलून एका पन्नाशीच्या बाईंची हकिकत सांगते.

पगाराचा दशांश त्या दरमहा न चुकता चर्चला देत असत. तरीही राजवाड्यासमोर कुणी हात पसरला, की त्यांना रात्रभर झोप लागत नसे. दान वाढवूनही बोचणी कमी होईना, तेव्हा मी त्यांना घरखर्चाची वही आणून माझ्यासमोर मोठ्याने वाचायला सांगितली. पहिल्या ओळीत लाल शाईने दशांश, मग किराणा, वीजबिल, आणि अगदी तळाशी पेन्सिलीने, "मावशी : चार खाडे वजा."

"खाडे कशामुळे झाले?"

"घरकाम करणाऱ्या मावशींचा नातू तापाने फणफणला होता." त्या ओळीवरून त्यांचे बोट हलेना. "ताई, पगारही मी दहा तारखेनंतरच देते. त्या मागत नाहीत ना."

मी बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणे मला अनेक वर्षांच्या कामाने शिकवले आहे.

अपराधभाव शमवण्याआधी तो काय सांगतो ते ऐकावे, असे माझे ठाम मत आहे. मराठीत 'देणे' म्हणजे दान करणे आणि 'देणे' म्हणजे फेडायची रक्कमही. या बाई पहिल्याचा हिशेब करत होत्या आणि टोचत होते दुसरे. बायबल या दोन्हींची गल्लत करत नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात आहे. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब बायबलमधील आपल्या पत्रात लिहितो. पुदिना, बडीशेप, जिरे यांचाही दशांश देऊन न्याय आणि दया सोडणाऱ्यांना येशूने खडसावले, मात्र दशांश बंद करा असे म्हटले नाही. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वेगळे सांगितले. म्हणून असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी मोलकरीण, माळी, इस्त्रीवाला यांची बाकी पाहायला सांगते, दानाचा आकडा नंतर.

पुढच्या भेटीत मावशींची ओळ वहीत सर्वांत वर, शाईने लिहिलेली होती. वर्षभराचे कापलेले पैसे बाईंनी त्यांना एकरकमी दिले होते. मावशींनी ते दोनदा मोजले आणि चुकून जास्त आले असे समजून परत पुढे केले.