राज्यकर निरीक्षकाची नोकरी: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: मी इतिहासात बी. ए. केलंय. एमपीएससीतून राज्यकर निरीक्षक होता येईल का? रोज छापेच घालावे लागतात का? – एक विद्यार्थिनी, लातूर

कोणत्याही शाखेची पदवी चालते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा विक्रीकरात मुरलेल्यांनाही नवा कायदा शिकावा लागला, त्यामुळे कॉमर्स नाही म्हणून घाबरू नका. झडतीला सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याचा लेखी अधिकार लागतो, निरीक्षक मनात आलं म्हणून कुणाच्या दुकानात शिरत नाही.

या कामाचा कस लागतो तो स्थळपाहणीत. नव्या नोंदणीचा अर्ज हातात घेऊन पत्त्यावर जायचं. पाटी आहे का, वीजबिल कुणाच्या नावावर, भाडेकरारावर सही करणारा खरंच जागामालक आहे का, माल उतरवायला जागा कुठे? अर्जात भंगाराचा घाऊक व्यापार आणि पत्त्यावर कुलूप लावलेली दहा बाय दहाची खोली, शेजाऱ्याला फर्मचं नावही ठाऊक नाही, असं दिसलं तर तसंच अहवालात लिहा. अशाच खोल्यांतून मालाशिवाय नुसती बिलं फिरतात आणि त्यावर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उचललं जातं. पुढे चौकशीत सरळमार्गी खरेदीदारही भरडला जातो. ही पाहणी कधीही उरकून टाकू नका.

प्रश्न: जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) एक बिल दोनदा गेलं, ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) बरोबर भरलं. आता डीआरसी-०१बी (दोन्हींतल्या फरकाची सूचना) आलाय. खातं गोठवतील का? – हार्डवेअर दुकानदार, सांगली

लगेच नाही, पण सात दिवसांत पोर्टलवर उत्तर द्या. बिल दोनदा गेल्याचं स्पष्ट लिहा आणि पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करा. गप्प बसलात तर पुढचा जीएसटीआर-१ अडकेल आणि तुम्हीच दाखवलेला कर म्हणून थेट वसुली सुरू होऊ शकते. मी पाहिलेल्या प्रकरणांत चुकणाऱ्यांपेक्षा उत्तर न देणाऱ्यांचंच जास्त नुकसान झालंय.

प्रश्न: वसुलीला गेलं की व्यापारी हातापाया पडतात. जीव तुटतो. काय करू? – नवा निरीक्षक

त्यांना कायदा समजावून सांगा. कर भरण्याचा आदेश हाती पडल्यापासून साधारणपणे तीन महिने भरण्याची मुदत असते. अपीलही तेवढ्याच मुदतीत, वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम भरून करता येतं. विवरणपत्रात स्वतः दाखवलेला कर सोडला, तर बाकीच्या थकबाकीला डीआरसी-२० हा अर्ज भरून जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मागता येतात, व्याज मात्र चालू राहतं. कित्येक छोट्या दुकानदारांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. खातं जप्त करण्याआधी ते तुम्ही सांगा.