‘क्लोज-अप अँगल’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: कॉलेजच्या लघुपटासाठी शॉटची यादी करताना ‘क्लोज-अप अँगल’, ‘लाँग अँगल’ असं लिहिलं तर चालेल का?

बोलताना खपून जाईल, यादीत नको. चौकटीत माणूस किती दिसतो, ते शॉटचं नाव सांगतं. कॅमेरा कुठून बघतो, ते अँगल सांगतो. डोक्यापासून पायापर्यंत दिसला तर लाँग किंवा फुल शॉट, कमरेपर्यंत मिड, छातीपर्यंत मिड क्लोज, नुसता चेहरा असेल तर क्लोज-अप. यातला कुठलाही शॉट समोरून, खालून किंवा वरून घेता येतो.

सीएसएमटीसमोर करून बघा. मैत्रिणीला इमारतीकडे पाठ करून फुटपाथवर उभं करा. फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून कमरेपर्यंत घ्या. हा मिड शॉट, आय लेव्हल. मागे बसच्या खिडक्या, टॅक्सीचे टप, येणारी-जाणारी डोकी. आता उकिडवं बसून फोन वर रोखा. ती अजूनही कमरेपर्यंतच दिसतेय, म्हणजे शॉट मिडच राहिला, पण अँगल लो झाला. बस-टॅक्स्या चौकटीतून गेल्या आणि तिच्या डोक्यामागे घुमट आला, त्यावरच्या पुतळ्यासकट. (हनुवटीची खालची बाजूही आली. त्यावर तिचं काय म्हणणं असेल, ते तुम्ही बघून घ्या.)

‘लो’च्या बाबतीत नवशिके हमखास उलटं धरतात. लो म्हणजे कॅमेरा खाली आणि नजर वर. कॅमेरा वर, नजर खाली तो हाय. बरोब्बर डोक्यावरून सरळ खाली रोखला की टॉप. लो अँगलने माणूस भारदस्त दिसतो आणि हाय अँगलने बिचारा, हे सगळीकडे शिकवतात. मला ते अर्धंच पटतं. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून आई खाली खेळणाऱ्या पोराला जेवायला हाक मारते, तेव्हा तिच्या नजरेने घेतलेला शॉट हाय अँगलच असतो. पोरगं त्यात बिचारं वगैरे काही दिसत नाही, फक्त ऐकत नाही.

‘लाँग’चा घोळ निराळा. लाँग शॉट आणि लाँग लेन्स (टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ दाखवणारी लेन्स) यांचा एकमेकांशी संबंध नाही, उलट लाँग लेन्सने लांबून क्लोज-अप घेता येतो. व्ही. शांतारामांच्या ‘अमृतमंथन’मधला (१९३४) राजगुरूच्या डोळ्याचा गाजलेला क्लोज-अप टेलिफोटो लेन्सनेच घेतलेला आहे.

मुंबईच्या सेटवर ‘सजेशन’ हा शब्दही कानावर पडेल. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा घ्यायचा आणि पहिल्याचा खांदा, कान जरासा चौकटीत ठेवायचा, ते सजेशन. हा शॉटच्या आकाराचा प्रकार नाही, म्हणून ‘क्लोज, सजेशनसह’ असं लिहितात.

यादीत आधी शॉट, मग अँगल लिहा: ‘मिड, लो’, ‘क्लोज, हाय’. अँगल लिहिला नाही तर कॅमेरामन आय लेव्हल समजून चालतो.