रानपिंगळा आणि आपला साधा पिंगळा एकच का? मग एक धोक्यात आणि दुसरा नाही, असं कसं?

एकच नाहीत, पण चुलतभाऊ म्हणा हवं तर. दोघं स्ट्रिजिडी या घुबडांच्या कुळातले. साधा पिंगळा म्हणजे अथीनी ब्रामा. रानपिंगळ्याला ह्यूमसाहेबांनी (ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ) १८७३ मध्ये हेटरोग्लॉक्स ब्लेविटी नाव देऊन वेगळ्या गटात (जीनसमध्ये) टाकलं होतं, पण नंतर डीएनए तपासल्यावर तोही अथीनीतच बसतो असं दिसलं, म्हणून आता बऱ्याच याद्यांमध्ये अथीनी ब्लेविटी लिहितात. जुन्या पुस्तकात दुसरं नाव दिसलं तर गोंधळू नका.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत साधा पिंगळा 'लीस्ट कन्सर्न' (म्हणजे काळजी नाही), रानपिंगळा 'एंडेंजर्ड' (धोक्यात). कारण राहणीत आहे. साध्या पिंगळ्याला पडकी भिंत, वडाची ढोली, गावाजवळचं आंब्याचं झाड काहीही चालतं. रानपिंगळ्याला मात्र सागाचं विरळ जंगल आणि त्यात ढोली असलेली जुनी झाडं लागतात, आणि तीच तोडली जातात किंवा तिथे शेती होते. जगात फक्त मध्य भारतात आहे तो, पूर्ण वाढ झालेले पक्षी हजाराच्या आत असतील असा अंदाज आहे. २०१८ आधी तर 'क्रिटिकली एंडेंजर्ड' (अतिशय धोक्यात) होता, तिथून खाली आणला तो संख्या वाढली म्हणून नाही तर नवीन जागा सापडल्या म्हणून, हे लोक विसरतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

मी खानदेशचा, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कोणालाच दिसला नव्हता. माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा नमुना दाखवला, तो खरं तर म्युझियममधून चोरून खोटं लेबल लावलेला निघाला. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञांनी तो नमुना बाजूला ठेवला, जुन्या खऱ्या नोंदींवरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्या खानदेशातल्या शहाद्याजवळ त्यांना आणि सोबत्यांना तो दिसला. ११३ वर्षांनी! आज मेळघाट, यावल, तानसा इथंही नोंदी आहेत.

ओळखायचं असेल तर डोकं बघा. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ कोरं, शेपटीवर रुंद पट्टे, आणि तो भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला असतो. तुम्ही घराजवळच्या तारेवर संध्याकाळी पाहिला असेल तर तो साधाच.