नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतली मोटारींची शर्यत पहिल्यांदाच बघायला मार्टिन्सव्हिलला जातोय. कोणते नियम आधी समजून घेऊ आणि तिकीट कुठलं काढू?

तुम्ही लिहिलंय की रॅलेहून गाडीने जाणार आहात, सोबत दहा वर्षांचा मुलगा आहे, आणि टीव्हीवर दोन शर्यती बघून 'नुसत्या गोल गोल फिरतात' एवढंच हाती लागलं. मग मार्टिन्सव्हिल निवडलंत हे उत्तम केलंत. डेटोनाचा प्रसिद्ध ट्रॅक अडीच मैलांचा आहे, गाड्या पलीकडच्या टोकाला गेल्या की ठिपके दिसतात. इथे बसल्या जागेवरून सगळा ट्रॅक दिसतो आणि गाड्या दर वीस सेकंदांनी परत समोर येतात.

व्हर्जिनियातल्या रिजवे गावातला हा ट्रॅक क्ले अर्ल्स यांनी 1947 साली सुरू केला, म्हणजे नॅस्कार ही संस्थाच त्याच्यापेक्षा धाकटी. 1949 च्या पहिल्या मोसमात ज्या ट्रॅकवर शर्यती झाल्या, त्यांतला हा एकटाच तेव्हापासून आजपर्यंत सलग कप मालिकेत, म्हणजे नॅस्कारच्या सर्वात वरच्या मालिकेत आहे. तेव्हा मातीचा होता, 1955 मध्ये डांबरी झाला.

आकार कागदांना लावायच्या पेपरक्लिपसारखा. एक फेरी 0.526 मैलाची, साधारण 850 मीटर. दोन सरळ पट्टे 800 फुटांचे आणि अगदी सपाट, तर वळणांना आतल्या बाजूला फक्त 12 अंशांचा उतार. सरळ भागात डांबर, वळणांत काँक्रीट. या आकड्यांतच इथली सगळी शर्यत आहे. सरळ पट्ट्यावर गाडी ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जाते आणि पुढच्याच क्षणी तिला जवळजवळ निम्म्या वेगावर यावं लागतं. फेरीला दोनदा असा ब्रेक, म्हणजे 400 फेऱ्यांत 800 वेळा. संध्याकाळ झाली की चाकांमागच्या ब्रेकच्या तबकड्या लालभडक दिसतात, मुलाला आवर्जून दाखवा. ब्रेक जपून न वापरणारा ड्रायव्हर शेवटच्या शंभर फेऱ्यांत वळणाच्या आत टिकत नाही, गाडी बाहेर सरकू लागते.

दुसरं म्हणजे आतली लाइन छोटी आणि पकड असलेली, तर बाहेर झिजलेल्या रबराच्या गोळ्यांचा थर साचतो. या गोळ्यांना तिथे 'मार्बल' म्हणतात आणि गाडी त्यांच्यावर गेली की गोट्यांवर पाय पडल्यासारखी घसरते. त्यामुळे सगळ्यांना आतच राहायचं असतं. पुढच्याला आतून हलवण्याचा जुना मार्ग म्हणजे वळणात त्याच्या मागच्या बंपरला हलकासा धक्का. तो थोडा वर सरकतो, तुम्ही खालून निघून जाता. धक्का नियमात बसतो. कुणाला मुद्दाम भिंतीत घालणं बसत नाही.

आता नियम. सगळे पाठ करायची गरज नाही, पुढचे कळले तरी पुरे.

शर्यत तीन टप्प्यांची असते, ही पद्धत 2017 पासूनची. पहिल्या दोन टप्प्यांच्या शेवटी पहिल्या दहा गाड्यांना 10 ते 1 असे गुण मिळतात आणि पिवळा झेंडा लागतो; तो असेपर्यंत सगळ्यांनी हळू, रांगेतच राहायचं, कुणाला मागे टाकायचं नाही. वसंतातली शर्यत 400 फेऱ्यांची, शरदातली 500 ची. टप्पे किती फेऱ्यांचे हे त्या आठवड्याच्या वेळापत्रकात दिलेलं असतं, तो आकडा हातावर लिहून ठेवला तरी चालेल. टप्पा संपायला दहाएक फेऱ्या उरल्या की काही संघ गुणांवर पाणी सोडून आधीच पिटमध्ये (टायर आणि इंधनासाठी थांबायच्या जागी) जातात, म्हणजे पिवळा झेंडा लागल्यावर इतर थांबतील आणि ते पुढे राहतील. हे ठाऊक नसेल तर सातव्या क्रमांकाची गाडी अचानक विसावी का झाली, ते कळणारच नाही.

माझ्या मते नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'फेरीने मागे पडणं' या प्रकारात. हिशेब करा. फेरी वीस सेकंदांची, आणि एखादी गाडी दर फेरीला पुढच्यापेक्षा अर्धा सेकंद हळू असेल, तर चाळीस फेऱ्यांत पहिला तिला गाठून पुढे जातो. ती आता एक फेरी मागे. तिला परत आणायचे दोन रस्ते आहेत. पिवळा झेंडा लागला की मागे पडलेल्यांपैकी सर्वात पुढच्या एकाच गाडीला तिची एक फेरी फुकट परत मिळते, बोलीभाषेत याला 'लकी डॉग' म्हणतात. म्हणूनच विसाव्या-बाविसाव्या जागेसाठी दोन गाड्या जिवावर उदार होऊन भांडताना दिसतात. तुम्हाला वाटतं, विसाव्या जागेचं काय एवढं? भांडण जागेचं नसतंच, त्या फुकटच्या फेरीचं असतं. दुसरा रस्ता 'वेव्ह अराउंड'. पिवळ्या झेंड्यात पुढचे सगळे टायर बदलायला थांबले आणि ही मागे पडलेली गाडी थांबलीच नाही, तर ती पहिल्याच्या पुढे उभी राहते. तिला पूर्ण वळसा घालून रांगेच्या शेवटी जायला सांगतात आणि फेरी परत मिळते. किंमत एवढीच की टायर जुनेच राहतात.

हिरव्या झेंड्यात, म्हणजे शर्यत पूर्ण वेगात चालू असताना, पिटमध्ये जाणं इथे फार महाग पडतं. पिट रोडवर वेगमर्यादा ताशी 30 मैल, म्हणजे 48 किलोमीटर. पूर्वी इथे समोर आणि मागे असे दोन पिट रोड होते, आता एकच आहे आणि तो ट्रॅकला आतून वळसा घालत जातो. तेवढं अंतर त्या वेगाने कापून, थांबून, टायर बदलून बाहेर येईपर्यंत दोनेक फेऱ्या हातच्या जातात. तुम्ही थांबून बाहेर पडलात आणि तेवढ्यात कुणी आदळून पिवळा झेंडा लागला, तर न थांबलेले आरामात पिटमध्ये जातात आणि तुम्ही फेऱ्यांनी मागे अडकता. संघप्रमुखाच्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

पिटमधला वेग रडारने मोजत नाहीत. पिट रोडचे तुकडे पाडलेले असतात, जमिनीत तारा असतात, आणि प्रत्येक तुकडा किती वेळात पार केला यावरून सरासरी काढतात. पाच मैलांची सूट असते, म्हणून सगळे 34.9 ला गाडी ठेवायचा प्रयत्न करतात. 35 ओलांडलं की शिक्षा: पिवळ्या झेंड्यात असाल तर रांगेच्या शेवटी, हिरव्यात असाल तर पिट रोडमधून परत एकदा पूर्ण जायचं, म्हणजे पुन्हा फेऱ्या गेल्या.

पिटची भिंत ओलांडून गाडीवर काम करणारी माणसं पाच: दोघं चाकं बदलणारे, एक टायर आणून देणारा, एक जॅकवाला, एक इंधन भरणारा. 2022 पासून चाकाला मधोमध एकच मोठा नट आहे, त्यामुळे चार टायर दहा सेकंदांच्या आसपास बदलतात. एकच नट असल्यामुळे तो नीट बसला नाही की सगळं चाकच सुटतं. चालू ट्रॅकवर चाक सुटलं तर दोन फेऱ्यांची शिक्षा आणि दोन क्रू सदस्यांना दोन शर्यतींची बंदी. म्हणून चाक बदलणारा नट आवळून अर्धा क्षण जास्त थांबला तर त्याला नावं ठेवू नका.

पिवळ्यानंतरची पुन्हा सुरुवात, म्हणजे रीस्टार्ट, ही मार्टिन्सव्हिलची खरी मेजवानी. गाड्या दोनच्या ओळीत उभ्या राहतात, पण कोणत्या बाजूला उभं राहायचं ते प्रत्येक ड्रायव्हर ट्रॅकवर काढलेल्या खुणेपाशी स्वतः निवडतो. बाहेरची लाइन इथे शिक्षाच असल्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा ड्रायव्हर कधी कधी पहिल्या ओळीतली बाहेरची जागा सोडून दुसऱ्या ओळीतली आतली घेतो. बाहेर अडकलेल्याला आत शिरायला फट मिळेपर्यंत सहा-सात गाड्या खालून निघून जातात. त्या खुणेकडे लक्ष ठेवा, पुढच्या पाच फेऱ्यांत काय होणार ते तिथेच कळतं.

अगदी शेवटी पिवळा झेंडा लागला तर शर्यत तशीच संपवत नाहीत. ठरलेल्या फेऱ्यांच्या पुढे जाऊन दोन फेऱ्यांची जादा सुरुवात होते, गरज पडल्यास पुन्हा पुन्हा. पहिल्याने शेवटच्या फेरीचा पांढरा झेंडा घेतला की मात्र पुढचा कोणताही झेंडा शर्यत संपवतो.

भिंतीचा नियम तर इथेच घडला. 30 ऑक्टोबर 2022 ला शेवटच्या फेरीत ड्रायव्हर रॉस चॅस्टेन दहावा होता आणि मोसमाच्या विजेतेपदासाठी लढणाऱ्या शेवटच्या चौघांत जायला त्याला दोन गुण कमी पडत होते. त्याने मागच्या सरळ पट्ट्यावर पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि ब्रेकला पाय न लावता शेवटची दोन वळणं भिंतीच्या आधाराने पार केली. पाच गाड्या मागे टाकल्या. ती फेरी 18.845 सेकंदांची, म्हणजे 2014 चा जोई लोगानोचा 18.898 सेकंदांचा पात्रता विक्रमही मोडला, तोही भिंत घासत! नॅस्कारने त्या दिवशी निकाल कायम ठेवला, पण पुढच्या जानेवारीत जाहीर केलं की असं पुन्हा केल्यास आधीपासूनच्या सुरक्षा-नियमाखाली शिक्षा होईल. नोव्हेंबर 2024 ला इथेच, शेवटच्याच फेरीत ख्रिस्तोफर बेलची गाडी भिंतीला लागली आणि तो तिला धरूनच पुढे आला. अठराव्यावरून त्याला बाविसावा केला आणि शेवटच्या चौघांतली जागा विल्यम बायरनला गेली. लोक यावर अजून भांडतात. मला ती शिक्षा नियमाला धरूनच वाटते. भिंतीचा आधार घेऊ दिला, तर प्रत्येक शेवटच्या फेरीत पंचवीस गाड्या तेच करतील आणि कुंपणापलीकडे माणसं बसलेली असतात.

आता तिकीट. स्वस्त म्हणून खालच्या ओळी घेऊ नका. खालून जाळी आणि समोरची गाडी दिसते, पिटमधल्या सामानामागे मागचा सरळ पट्टा दिसेनासा होतो, आणि रबराचा चुरा डोक्यावर बसतो तो वेगळाच. जितकं वर तितकं चांगलं. सुरुवात-शेवटच्या रेषेसमोर मधोमध बसण्यापेक्षा मी वळणाच्या तोंडाशी, वरच्या एक-तृतीयांश ओळींत बसायला सांगेन, कारण ब्रेक, धक्के आणि घुसाघुशी तिथेच होते. गाडीचा नंबर छतावरही मोठा असतो, वरून सहज वाचता येतो. बाकडी ॲल्युमिनियमची आहेत, मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी बर्फासारखी गार पडतात. बसायला गादी आणि एक जादा स्वेटर न्याच.

मुलाच्या कानांची काळजी सर्वात आधी. चाळीसेक व्ही-8 इंजिनं काँक्रीटच्या वाडग्यात घुमतात, आणि इथे गाड्या लांब जातच नाहीत, म्हणजे आवाज तीन तास सलग. कापूस चालणार नाही. फोमचे प्लग नीट पिळून, कान मागे ओढून आत बसवा, आणि मुलाला त्यावर कान झाकणारे मफही घाला. लहान मुलं प्लग काढून टाकतात, मफ टिकतात.

शक्य असेल तर स्कॅनर भाड्याने घ्या. त्यावर ड्रायव्हर आणि त्याच्या संघाचं बोलणं ऐकता येतं, आणि निम्मी शर्यत तिथेच उलगडते. दोन शब्द लक्षात ठेवा. 'लूज' म्हणजे वळणात गाडीचं शेपूट बाहेर घसरतंय, 'टाइट' म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही नाक आत येत नाही. ड्रायव्हर 'टाइट' म्हणून कुरकुरला की पुढच्या पिटमध्ये टायरमधली हवा कमीजास्त करतात. पुढच्या वीस फेऱ्यांत त्याची गाडी खरंच आत वळतेय का ते स्वतः बघा. पहिल्या गाडीच्या मागे लागू नका, दहाव्या-बाराव्या जागेवरचा एखादा ड्रायव्हर धरा आणि त्याचाच रेडिओ ऐका. 2022 मध्ये 'नेक्स्ट जेन' ही नवी गाडी आल्यापासून इथे पहिल्याला मागे टाकणं अवघड झालंय ही तक्रार खरी आहे, पण मधल्या गर्दीत मारामारी कायम असते.

खाण्याचं म्हणाल तर इथला हॉट डॉग प्रसिद्ध आहे: गुलाबी-लाल सॉसेज, वर चिली, कोबीची कोशिंबीर, मोहरीचा सॉस, कांदा, मेणकागदात गुंडाळलेला, आणि वर्षानुवर्षं दोनच डॉलरला. कसलं मांस चालतं-चालत नाही ते पाहून घ्या, चिलीतही मांस असतं. शाकाहारी असाल तर घरून धपाटे-दशम्या न्या. मऊ कूलर आत नेता येतो, काच चालत नाही, पिशवीचं माप मात्र निघण्यापूर्वी स्पीडवेच्या संकेतस्थळावर तपासा. जिंकणाऱ्याला इथे चषक नाही, माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ मिळतं, 1964 पासूनची प्रथा. ड्रायव्हर लोकांना त्याचा फार हव्यास.

पावसाचं थोडं. ओल्या ट्रॅकचे टायर आता असतात, पण ते दमट ट्रॅकवर लवकर सुरुवात करण्यासाठी. धो धो पडला तर शर्यत थांबतेच आणि दुसऱ्या दिवशीवर जाऊ शकते, म्हणून सोमवारी महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. पार्किंग बरंचसं गवतावर आहे. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर उतारावर खाली गाडी लावू नका, निघताना चाकं चिखलात फिरत बसतात. ग्रीन्सबरोकडचा हायवे 220 शर्यतीनंतर तुंबतो. घड्याळ देण्याचा कार्यक्रम बघा, तासभर थांबा, मग निघा. आणि मुलाला लगेच कायमचा निकाल सांगू नका: नंतरच्या तपासणीत गाडी बाद होऊ शकते. चॅस्टेनच्या त्या दिवशी तो पाचवा आला होता, पण त्याच्या पुढे आलेल्या ब्रॅड केसेलोव्स्कीची गाडी वजनात कमी भरल्याने बाद झाली आणि चॅस्टेन चौथा झाला.