कॅनडाला येतोयस तर हा रॉक ऐकून ये

तुझा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण इथे येणारे सगळे पीआर (कायम राहायचा परवाना), क्रेडिट स्कोअर आणि जॅकेट कुठलं घ्यायचं हेच विचारतात. तू विचारलंस की दादा, शिरोली एमआयडीसीतली सीएनसीची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरची) नोकरी सोडून ऑगस्टात हॅमिल्टनला येतोय, रॉकचा नाद आहे पण कॅनडाचं म्हणून ब्रायन ॲडम्स आणि निकेलबॅक एवढंच माहितीये, तर काय ऐकून येऊ आणि गिटार बरोबर आणू का. मी टोरोंटोशेजारच्या मिसिसॉगात राहतो, काम तुझ्यासारखंच, मशीन शॉपमध्ये, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक सांगतो. इथला रॉक दोन तऱ्हेचा आहे. एक जगभर गेलेला, नील यंग, रश, ब्रायन ॲडम्स, ॲलानिस मॉरिसेट वगैरे. दुसरा इथल्या लोकांनी घरात ठेवलेला, म्हणजे सीमेपलीकडे बफेलो-डेट्रॉइट सोडलं तर अमेरिकेत फारसं कुणी विचारत नाही पण इथे शाळेतल्या पोरापासून रिटायर झालेल्या माणसापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. नुसती चांगली गाणी हवी असतील तर पहिली तऱ्हा पुरेशी आहे, पण ज्यांच्याशेजारी उभं राहून रोज आठ तास काम करायचंय ती माणसं समजून घ्यायची असतील तर दुसरी ऐक, आणि त्यात सगळ्यात आधी द ट्रॅजिकली हिप.

हा किंग्स्टनचा बँड, ऑन्टॅरियोतलाच, १९८४ साली सुरू झालेला, गायक गॉर्ड डाऊनी. इथे सगळे नुसतं द हिप म्हणतात. आमच्या शॉपमध्ये टूल क्रिबच्या, म्हणजे हत्यारांच्या खोलीच्या, वरच्या फळीवर रेडिओ असतो, बटणं कुलंटच्या (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) हातांनी चिकट झालेली, दिवसभर क्लासिक रॉकचं स्टेशन चालू. त्यावर 'बॉबकेजन' लागलं की न्यूफाउंडलंडचा एक वयस्कर मशिनिस्ट आहे तो स्पिंडल थांबवून येतो, आवाज वाढवतो, आणि बाकीचे बोलायचे थांबून ओठातल्या ओठात म्हणायला लागतात. कुणी कुणाला काही सांगत नाही, गाणं संपलं की परत आपापल्या मशीनवर.

हे गाणं १९९८ च्या 'फँटम पॉवर' अल्बममधलं. शहरात पोलिसाची नोकरी करणारा एक माणूस आहे, त्याचा जीव मात्र बॉबकेजन नावाच्या छोट्या गावात अडकलाय, टोरोंटोच्या ईशान्येला तळ्यांच्या मुलखात आहे ते गाव, जिथे रात्री आकाश नीट दिसतं. मध्येच शहरातल्या दंगलीचा आणि वंशद्वेषाचा उल्लेख येऊन जातो. चाल अगदी संथ, पहिल्यांदा ऐकताना तुला वाटेल यात काय एवढं, पण तीनचारदा ऐक, सोडणार नाही. त्याच गाण्यात ज्या चौकटीचौकटीच्या फरशीचा उल्लेख आहे ती टोरोंटोच्या क्वीन स्ट्रीटवरच्या हॉर्सशू टॅव्हर्नची, १९४७ पासून ती जागा आहे, आजही तिथे बँड वाजतात आणि हॅमिल्टनहून गो ट्रेनने, म्हणजे इथल्या लोकलने, तू आरामात जाऊ शकतोस.

मग 'व्हीट किंग्स' ऐक, १९९२ चं. सुरुवातीला लून पक्ष्याचा आवाज आहे, तोच पक्षी जो इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर असतो. गाणं डेव्हिड मिलगार्डवर आहे. १९६९ साली सॅस्काटूनमध्ये एका नर्सिंग असिस्टंट मुलीचा खून झाला, त्यात या सोळा वर्षांच्या पोराला पकडलं, न केलेल्या गुन्ह्यासाठी २३ वर्षं आत ठेवलं, १९९२ ला सोडलं आणि १९९७ ला डीएनए टेस्टने तो निर्दोष असल्याचं सिद्ध झालं. एवढा भयंकर विषय आणि गाणं अंगाईसारखं हळू, म्हणून जास्तच आत जातं. माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात थोर गाणं, 'बॉबकेजन'पेक्षाही, आणि यावर शॉपमध्ये कुणाशीही वाद घालायला मी तयार असतो.

'फिफ्टी मिशन कॅप' तुला कामाला येईल कारण ते हॉकीवर आहे. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि तुझ्या शॉपमध्ये निम्मे तरी टोरोंटो मेपल लीफ्स या संघाचे चाहते असणार. बिल बारिल्को म्हणून त्यांचा एक खेळाडू, १९५१ ला त्याने स्टॅनली कप जिंकून देणारा गोल मारला आणि त्याच उन्हाळ्यात मासेमारीला गेला असताना त्याचं विमान उत्तरेच्या जंगलात गायब झालं. लीफ्सना परत कप मिळाला तो थेट १९६२ ला, आणि त्याच वर्षी त्या विमानाचे अवशेष सापडले. १९६७ नंतर त्यांनी कप जिंकलेलाच नाही, त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी किती हळवा आहे हे लक्षात ठेव.

२०१६ च्या मे महिन्यात जाहीर झालं की गॉर्ड डाऊनीला मेंदूचा कॅन्सर आहे आणि तो बरा होणारा नाही. तरी बँड टूरवर निघाला. शेवटचा शो २० ऑगस्ट २०१६ ला किंग्स्टनला, त्यांच्याच गावात, आणि सीबीसी या इथल्या सरकारी वाहिनीने तो जाहिरातींशिवाय देशभर लाइव्ह दाखवला. चौकाचौकात, पार्कात पडदे लावले होते, एक कोटीहून जास्त लोकांनी बघितला, म्हणजे देशातल्या जवळपास दर तिघांमागे एकाने. स्टेजवरून त्याने प्रेक्षकांत बसलेल्या पंतप्रधान ट्रुडोंना उद्देशून उत्तरेकडच्या आदिवासींबद्दल बोलून घेतलं, त्यांच्याकडे आजवर दुर्लक्ष झालंय हे सरळ सांगितलं. शेवटचं गाणं होतं 'अहेड बाय अ सेंचुरी'. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो गेला. आमच्याकडे पुलं गेले तेव्हा घराघरात जे वाटलं होतं तसंच काहीसं होतं ते, याहून जवळचं मला सांगता येत नाही. त्याचा 'सीक्रेट पाथ' हा अल्बमही ऐक, तो शेनी वेंजॅक या मुलावर आहे, १९६६ साली हा आदिवासी मुलगा निवासी शाळेतून पळून रेल्वेच्या रुळांवरून घराकडे चालत निघाला आणि वाटेतच थंडीने गेला. आदिवासी मुलांना घरच्यांपासून आणि त्यांच्या भाषेपासून तोडणाऱ्या या निवासी शाळा, हा काय प्रकार होता हे इथे येण्याआधी प्रत्येकाने माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता ही घरची गाणी एवढी टिकली कशी, तर त्यामागे एक कायदा आहे. शेजारी अमेरिकेसारखा अवाढव्य देश, त्यामुळे पूर्वी इथल्या रेडिओवरही सगळं तिकडचंच वाजायचं. १९७१ पासून सरकारी नियामक सीआरटीसीने नियम लावला की वाजवलेल्या गाण्यांपैकी ३० टक्के कॅनेडियन पाहिजेत, पुढे ते ३५ झाले. कॅनेडियन म्हणजे काय तर चार निकष लावले, संगीत, कलाकार, रेकॉर्डिंग आणि शब्द, यातले किमान दोन इथले हवेत. गंमत बघ, तुझा ब्रायन ॲडम्स किंग्स्टनमध्येच जन्मलेला, पण १९९१ च्या 'वेकिंग अप द नेबर्स'मधली गाणी त्याने बाहेरच्या निर्मात्याबरोबर मिळून लिहिली म्हणून ती कायद्याने कॅनेडियन धरली गेली नाहीत, आणि त्यातलंच एक इंग्लंडमध्ये सलग १६ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. मोठा गदारोळ झाला आणि मग नियम थोडे बदलले. ॲडम्सचं तू 'समर ऑफ सिक्स्टीनाइन' हजारदा ऐकलं असशील, आता 'रन टू यू' ऐक, त्याची गिटार मला जास्त आवडते.

रशबद्दल लिहायला बसलो तर पानं पुरणार नाहीत. तिघंच जण, गेडी ली, ॲलेक्स लाइफसन आणि ड्रमवर नील पर्ट, जो तुझ्या हॅमिल्टनमध्येच जन्मला. गेडीचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांतून वाचून आलेले, ॲलेक्सचे सर्बियातून आलेले, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्याच पोरांचा बँड. टोरोंटोला उतरशील तेव्हा बॅगेच्या टॅगवर वायवायझेड अशी तीन अक्षरं असतील, तो विमानतळाचा कोड, आणि रशचं त्याच नावाचं वाद्यगीत १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'मध्ये आहे. त्याची सुरुवातीची लय म्हणजे ही तीन अक्षरं मोर्स कोडमध्ये, लांब-आखूड-लांब-लांब, परत तेच, मग लांब-लांब-आखूड-आखूड. तू वाजवणारा आहेस तर बोटाने टेबलावर ठोकून बघ, पाचाची लय आहे, आधी अडखळशील. त्याच अल्बममधलं 'लाइमलाइट' माझं सगळ्यात लाडकं. आणि 'सबडिव्हिजन्स' मात्र इथे आल्यावर, हॅमिल्टनच्या बाहेर एकासारखी एक घरं असलेल्या वस्तीतून बस जाते तेव्हा ऐक.

नील यंगचं जगाला 'हार्ट ऑफ गोल्ड' माहितीये. तू 'हेल्पलेस' ऐक, त्यातल्या गावाच्या वर्णनामागे ओमेमी आहे, ऑन्टॅरियोतलंच, बॉबकेजनपासून फार लांब नाही, लहानपणी तो तिथे राहायचा. इलेक्ट्रिक हवं असेल तर 'पावडरफिंगर' आणि 'लाइक अ हरिकेन', सोलो वाजवायला शिकणाऱ्याने ही दोन घोटून काढावीत, सूर थोडेच आहेत पण प्रत्येक सूर ओढून काढलेला. १९७१ ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये तो एकटा गिटार आणि पियानो घेऊन बसला होता, ते रेकॉर्डिंग २००७ ला बाहेर आलं, ते जरूर मिळव.

नील मोठा झाला विनिपेगमध्ये आणि त्याच गावचे द गेस हू. १९७० ला त्यांचं 'अमेरिकन वूमन' अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं, कॅनडाच्या बँडला हे पहिल्यांदाच जमलं. त्यांचा गिटारवाला रँडी बाकमन, नंतर बाकमन टर्नर ओव्हरड्राइव्ह काढला त्याने, 'टेकिंग केअर ऑफ बिझनेस' तू नक्की कुठेतरी ऐकलं असणार. याची १९५७ ची नारिंगी ग्रेच गिटार १९७६ ला टोरोंटोतल्या हॉटेलमधून चोरीला गेली. चाळीसेक वर्षांनी एका चाहत्याने लाकडावरच्या रेषांवरून जुने फोटो जुळवत ती इंटरनेटवर शोधली, जपानच्या एका संगीतकाराकडे निघाली, त्यानेही चोरीची आहे हे माहीत नसताना घेतलेली. बाकमनने तशीच त्याच वर्षाची दुसरी गिटार त्याला दिली आणि १ जुलै २०२२ ला, कॅनडा डेच्या दिवशी, टोकियोत आपली परत घेतली.

बाकीचं पटापट सांगतो. ब्लू रोडिओचं 'हॅझंट हिट मी येट' डिसेंबरात लेक ऑन्टॅरियोच्या काठावरून जाताना लाव. हॅलिफॅक्सच्या स्लोनचं 'द गुड इन एव्हरीवन'. ॲलानिस ओटावाची, 'यू ऑटा नो'मधला राग आजही शिळा वाटत नाही. मेट्रिकची एमिली हेन्स तर जन्मली दिल्लीत, वाढली ऑन्टॅरियोत, 'हेल्प आय ॲम अलाइव्ह' ऐक. मॉन्ट्रियलच्या आर्केड फायरचं 'वेक अप'. क्वेबेकचा फ्रेंच रॉक ही स्वतंत्र दुनिया आहे, त्यात ले काऊबॉय फ्रँगाँचं 'लामेरिक प्लर' हे एका ट्रक ड्रायव्हरच्या तोंडचं गाणं आहे, भाषा कळली नाही तरी पोचतं. निकेलबॅकला इथे लोक उगाच नावं ठेवतात, त्यात तू पडू नकोस, अल्बर्टातल्या हॅना नावाच्या छोट्या गावातून ती पोरं कष्टाने वर आली आहेत.

हॅमिल्टनचे स्वतःचे आर्केल्स आहेत, मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत जमलेली मंडळी, २०१८ ला त्यांनी गावच्या फुटबॉल स्टेडियमवर शो केला. 'लेदर जॅकेट'पासून सुरू कर. तू ऑगस्टात येतोयस ते उत्तम, सप्टेंबरात डाऊनटाऊनला सुपरक्रॉल असतो, रस्त्यावर स्टेज, फुकट, पहिल्या पगाराची वाट बघायची गरज नाही.

आणि गिटार आणच, पण हार्ड केसमध्ये, तारा सैल करून. कोल्हापूरची दमट हवा सोडून इथे येणार, नोव्हेंबरात घरात हीटिंग सुरू झालं की हवा इतकी कोरडी होते की अकूस्टिकची वरची पाटी तडकते, फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. केसमध्ये ठेवायचा छोटा ह्युमिडिफायर म्युझिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो, सोबत आर्द्रता मोजायचं मीटर घे आणि ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेव. भिंतीवर टांगून ठेवू नकोस, निदान एप्रिलपर्यंत तरी.