बातमी छापून आली की सरकारला खरंच जाग येते का?

येते, पण बातमी नेमकी असेल तरच. ‘पाणीपुरवठ्याचा बोजवारा’ असा मोघम मथळा आला की उत्तर कुणी द्यायचं हेच ठरत नाही, मग कुणीच देत नाही. कोणता भाग, किती दिवस पाणी नाही, तक्रार कधी दिली, तिचा क्रमांक काय आणि काम कोणत्या खात्याचं, एवढं छापलं की हात झटकणं अवघड होतं. सरकारी जनसंपर्क विभाग अशी कात्रणं त्या त्या खात्याकडे धाडतात आणि विरोधी सदस्य त्यांच्याच आधारे सभागृहात प्रश्न विचारतात. म्हणून पत्रकाराला तक्रारीची पोच आणि तारीख असलेले फोटो द्या. मूळ कागद मात्र स्वतःकडेच ठेवा.

उलट दिशेने, म्हणजे सरकारकडून लोकांकडे, माध्यमं जास्त कमी पडतात. प्रेस नोट जशीच्या तशी छापणं ही बातमीदारी नव्हे (ते काम सरकारी संकेतस्थळही करतं). नव्या नियमाचा मसुदा निघतो, हरकतींना मुदत असते, आणि बातमी येते ती नियम लागू झाल्यावर. तेव्हा बोलून उपयोग काय? स्वीडनने १७६६ मध्येच वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या कायद्यात सरकारी कागद पाहण्याचा हक्क घातला होता, तो उगाच नाही: निर्णयाआधीचे कागद हाती नसतील तर बातमीदार फक्त घोषणाच सांगू शकतो.

आणखी एक घोळ म्हणजे पाठपुरावा. ‘चौकशीचे आदेश’ छापून आले की बहुतेकदा विषय तिथेच बंद होतो. महिनाभराने त्याच पत्रकाराला अहवालाचं काय झालं ते विचारा.